शीतगृहात अमोनिया किती किलो, हे आधी विचारा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विषय: शीतगृहे व बर्फ कारखान्यांतील अमोनियाचा साठा आणि ‘लो-चार्ज’, म्हणजे कमी साठ्याची, यंत्रणा

महोदय,

बर्फाच्या कारखान्यात किंवा शीतगृहात अमोनियाची गळती झाली, की पाठोपाठ दोन मागण्या येतात. तो कारखाना वस्तीतून हलवा, ही पहिली. आणि अमोनियावर बंदी घालून त्याजागी ‘फ्रिऑन’ वापरायला लावा, ही दुसरी. पहिल्या मागणीबद्दल मी फार बोलणार नाही. बहुतेक ठिकाणी कारखाना आधी उभा राहिला आणि घरे मागाहून त्याच्या कुंपणाला येऊन भिडली, त्यामुळे तो प्रश्न नगररचनेचा आहे. दुसरी मागणी मात्र सद्हेतूने केलेली असली तरी घातक आहे, असे माझे मत आहे. सांगली, मिरज, तासगाव या पट्ट्यातील बेदाण्याच्या शीतगृहांची यंत्रे बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात माझी नोकरी गेली. त्या अनुभवाच्या आधाराने हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, पण विषय दोन परिच्छेदांत मावणारा नाही.

अमोनिया हा शीतक म्हणून, म्हणजे यंत्रात फिरून उष्णता ओढून नेणारा पदार्थ म्हणून, नवा नाही. कार्ल फॉन लिंडे यांनी १८७० च्या दशकात जर्मनीत अमोनियाचे कॉम्प्रेसर तयार केले आणि तेव्हापासून मद्यनिर्मिती, दूध, मांस, मासळी आणि बर्फ या धंद्यांत तो टिकून आहे. साध्या वातावरणीय दाबाला तो उणे ३३ अंश सेल्सिअसला उकळतो आणि उकळताना प्रचंड उष्णता ओढून घेतो. शून्य अंशाच्या आसपास एक किलो अमोनिया जेवढी उष्णता शोषतो, तेवढ्यासाठी फ्रिऑन-२२ सुमारे सहा किलो लागतो. ओझोनचा थर तो विरळ करत नाही. पृथ्वीच्या तापमानवाढीतही त्याचा थेट वाटा जवळपास शून्य आहे. वर तो स्वस्त आणि सहज मिळणारा आहे. त्याची दोन वैगुण्ये आहेत: तो विषारी आहे, आणि हवेत १५ ते २८ टक्के इतक्या प्रमाणात मिसळला तर पेटू शकतो. त्याचा उग्र वास मात्र मी वैगुण्यात धरत नाही. धोक्याच्या पातळीच्या कितीतरी खाली असतानाच तो नाकाला कळतो, आणि त्यामुळे आजवर किती माणसे वेळेवर बाहेर पडली असतील, याची नोंद कुठल्याच बातमीत येत नाही.

आता फ्रिऑनकडे वळू. बाजारात ज्याला सरसकट फ्रिऑन म्हणतात, त्यात शीतगृहांपुरते दोन वायू महत्त्वाचे. आर-२२, म्हणजेच वरचा फ्रिऑन-२२, हा ओझोनला मारक असल्याने मॉन्ट्रियल कराराखाली २०३० पर्यंत मोडीत निघायचा आहे. त्याच्याऐवजी छोट्या कोल्ड रूममध्ये, पिकवणगृहांत आणि पॅकहाऊसमध्ये जो आर-४०४ए सर्रास भरला जातो, तो ओझोनला त्रास देत नाही. पण त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ३,९०० पटींहून अधिक आहे. म्हणजे साठ किलो आर-४०४ए हवेत गेला, तर सव्वादोनशे टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडल्याइतका परिणाम होतो. या वायूला वास नसल्यामुळे गळती कोणाच्या लक्षात येत नाही. हंगामात दोनदा सिलिंडर मागवावा लागला की मालक गॅसच्या भावाबद्दल कुरकुर करतो, एवढेच. युरोपात नव्या यंत्रांत आर-४०४ए वापरण्यावर २०२० पासूनच बहुतांशी बंदी आहे. मॉन्ट्रियल कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार आर-४०४ए च्या कुळातील वायूंचा आपला वापर २०२८ मध्ये गोठेल, २०३२ पासून टप्प्याटप्प्याने उतरेल आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी खाली येईल. शीतगृहाचे यंत्र नीट सांभाळले तर पंचवीस-तीस वर्षे चालते. आज बंदीची मागणी मान्य करून आर-४०४ए चे यंत्र बसवले, तर निम्मे आयुष्य संपायच्या आतच त्याचा गॅस महाग आणि दुर्मीळ होईल. त्यापुढच्या पिढीचे जे हायड्रोफ्लुरोओलेफिन वायू आले आहेत, त्यांतील काही हवेत विघटित होऊन ट्रायफ्लुरोॲसेटिक आम्ल तयार करतात. ते पाण्यात साठत जाते आणि सहजी नष्ट होत नाही. मागच्या पिढीत ओझोनच्या बाबतीत जे झाले, तेच दुसऱ्या नावाने पुन्हा का ओढवून घ्यायचे, हे मला समजत नाही.

तेव्हा अमोनिया राहणार, आणि राहावा. पण जुन्या पद्धतीने, टनांनी भरलेला राहावा, असे मी म्हणत नाही. आपल्याकडच्या चर्चेत ‘अमोनिया आहे की नाही’ एवढेच विचारले जाते. तो किती किलो आहे आणि ते किलो नेमके कुठे उभे आहेत, हे ना वस्तीतले लोक विचारतात, ना बँक, ना अनुदान देणारे खाते.

जुन्या शीतगृहात हा अमोनिया असतो कुठे? वरच्या गच्चीवर पाणी ठिबकत राहणाऱ्या लोखंडी पाइपांचा जो लांबलचक ॲटमॉस्फेरिक कंडेन्सर, म्हणजे वायूचा पुन्हा द्रव करणारा भाग, असतो, त्यात थोडा असतो. कंडेन्सरखालच्या रिसिव्हरमध्ये, म्हणजे द्रव साठवणाऱ्या टाकीत, भरपूर असतो. तेथून यंत्रघरातून खोल्यांपर्यंत जाणाऱ्या द्रव वाहिन्या भरलेल्या असतात. सर्वांत जास्त साठा खुद्द खोल्या थंड करणाऱ्या नळ्यांच्या वेटोळ्यांत, म्हणजे कॉइलमध्ये, आणि त्यांना जोडलेल्या कमी दाबाच्या टाकीत असतो, कारण ‘फ्लडेड’ पद्धतीत कॉइल द्रवाने भरलेलीच ठेवावी लागते. पंपाने द्रव फिरवण्याच्या पद्धतीत तर जेवढा अमोनिया उकळायला हवा त्याच्या तीन-चार पट द्रव सतत खोल्यांतून फिरवला जातो. बर्फाच्या कारखान्यातही तसेच: लाद्या ज्या मिठाच्या पाण्याच्या हौदात गोठतात, त्या हौदातील कॉइल अमोनियाने भरलेल्या असतात. ढोबळ हिशेबाने शीतकरणाच्या एका टनामागे (हे वजन नव्हे, यंत्राच्या क्षमतेचे माप), म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉटमागे, दहा किलोंच्या आसपास अमोनिया असतो; कधी त्याहूनही जास्त. शंभर टन क्षमतेचे यंत्र असेल तर टनभर अमोनिया त्या आवारात बारा महिने उभा असतो. त्यातला प्रत्यक्ष काम करणारा, म्हणजे एखाद्या क्षणी उकळत वा घनीभूत होत असलेला, भाग अगदी थोडा. बाकीचा सगळा यंत्रणा निर्धास्त चालावी म्हणून केवळ साठवलेला असतो.

लो-चार्ज यंत्रणेची सगळी विद्या हा निष्क्रिय साठा काढून टाकण्यात आहे. अमेरिकेत प्रचलित असलेल्या व्याख्येप्रमाणे दर टनामागे दहा पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे साडेचार किलोंपेक्षा, कमी अमोनिया असलेली यंत्रणा ‘लो-चार्ज’ धरली जाते. पण ही झाली वरची मर्यादा. प्लेट हीट एक्स्चेंजर (पातळ पत्र्यांच्या थरांतून उष्णतेची देवाणघेवाण करणारा भाग) बसवलेल्या आणि खोलीत अमोनिया न नेता फक्त पाणी किंवा ग्लायकॉल (सहजी न गोठणारा द्रव) थंड करणाऱ्या तयार संचात शंभर टनांचे काम पन्नास किलोंच्या आत भागते. टनाचे पन्नास किलो होतात, हा फरक कागदावरचा नाही.

तो फरक जिवाच्या भाषेत काय, हे एका साध्या गणिताने दाखवतो. वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद, पाच मीटर उंच अशी खोली धरा, म्हणजे एक हजार घनमीटर हवा झाली. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे ३०० भाग झाले की ते प्रमाण जिवाला तत्काळ धोकादायक मानले जाते. या खोलीत तेवढे प्रमाण व्हायला ०.३ घनमीटर वायू पुरतो, आणि त्याचे वजन भरते दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम. पेट घेण्यासाठी मात्र किमान १५ टक्के, म्हणजे दीडशे घनमीटर वायू लागतो. त्याचे वजन शंभर किलोंहून थोडे अधिक होते. वायू खोलीभर सारखा मिसळला असे गृहीत धरून हा हिशेब केला आहे. प्रत्यक्षात फुटलेल्या जागेजवळ तो दाट असतो आणि द्रवाचे तुषार उडाले तर ढग जमिनीलगतही पसरतो. तरी यातून निघणारा अर्थ स्पष्ट आहे. संपूर्ण यंत्रात पन्नासच किलो असतील, तर सगळा अमोनिया सुटूनही त्या आकाराची खोली एकसारखी पेटण्याच्या पातळीला पोहोचणार नाही, आणि शेजारच्या वस्तीला त्रास झाला तरी टनभर सुटल्यावर होतो तसा अनर्थ होणार नाही. मात्र त्या खोलीत काम करणाऱ्या बाईला दोनशे ग्रॅमही पुरेसे आहेत. म्हणून साठा कमी करण्याइतकेच महत्त्व तो माणसांच्या खोलीतून बाहेर काढण्याला आहे. पॅकिंग करणाऱ्या, मासळी सोलणाऱ्या, पेट्या रचणाऱ्या माणसांच्या डोक्यावर अमोनियाची कॉइल असू नये, हा माझ्या दृष्टीने पहिला नियम. २०२२ मध्ये ओडिशातील बालासोर जिल्ह्यात कोळंबीच्या कारखान्यात अमोनियाची गळती झाली, तेव्हा रुग्णालयात न्यावे लागलेले लोक तिथले कामगारच होते.

हे साधायचे मार्ग अनेक आहेत आणि प्रत्येकाची किंमत वेगळी आहे. बेदाणा, बटाटा, द्राक्षे, सफरचंद असा माल शून्य ते चार अंशांच्या आसपास ठेवायचा असेल, तर यंत्रघरात किंवा गच्चीवर अमोनियाचा छोटा संच ठेवून खोल्यांतून ग्लायकॉलचे थंड मिश्रण फिरवावे. खोलीत पाइप फुटला तर ग्लायकॉल गळेल, फरशी पुसावी लागेल. मालाच्या दृष्टीनेही हे बरे, कारण अमोनियाचा स्पर्श झाला की फळांची साल डागाळते, विशेषतः लाल-जांभळ्या रंगाच्या जातींची, आणि एका गळतीत खोलीभर माल बाद होऊ शकतो. नाशिकच्या निर्यातदाराला हे वेगळे सांगायला नको. आता या पद्धतीचा तोटा. अमोनिया आणि हवा यांच्यामध्ये ग्लायकॉलचा आणखी एक टप्पा आल्याने अमोनिया काही अंश अधिक थंड करावा लागतो. उकळण्याचे तापमान एका अंशाने उतरले की वीज दोन-तीन टक्क्यांनी वाढते, आणि ग्लायकॉल फिरवणाऱ्या पंपांची वीज वेगळी. कोणी विक्रेता ‘सुरक्षितताही वाढेल आणि वीजही वाचेल’ असे एका दमात सांगू लागला, तर त्याच्याकडून दोन्ही हिशेब लेखी घ्यावेत. जुन्या, गंजलेल्या, तेलाने माखलेल्या यंत्राशी तुलना केली तर वीज खरोखरच वाचते. चांगल्या राखलेल्या फ्लडेड यंत्राशी केली तर बहुधा वाचत नाही.

मासळीचे तसे नाही. रत्नागिरी, तळोजा किंवा गोव्यातील प्रक्रिया उद्योगाला उणे चाळीसच्या आसपास गोठवायचे असते, आणि तेवढ्या थंडीत ग्लायकॉल इतके दाट होते की ते फिरवण्यातच वीज जाते. तिथे अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांची जोडी योग्य: अमोनिया यंत्रघरातच राहतो आणि खोलीत वा फ्रीझरमध्ये कार्बन डायऑक्साइड जातो. जपानमध्ये मायेकावा कंपनीने असे तयार संच मोठ्या संख्येने बसवले आणि तेथील सरकारने नैसर्गिक शीतकांच्या अशा यंत्रणांना अनुदानही दिले. नुसत्या कार्बन डायऑक्साइडवर यंत्र चालवावे, असाही एक विचार आहे; पण ३१ अंशांच्या वर तो द्रवच होत नाही, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात ते यंत्र फार वीज खाते. उष्णता बाहेर टाकणाऱ्या वरच्या टप्प्याला अमोनिया असला की ही अडचण येत नाही. फक्त एक विसरू नये. कार्बन डायऑक्साइडला वास नाही आणि तो हवेपेक्षा जड आहे. बंद खोलीत त्याचा गळतीसूचक बसवला नाही, तर एक धोका घालवून दुसरा, नाकाला न कळणारा, धोका आणल्यासारखे होईल.

तिसरा मार्ग म्हणजे अमोनियाच खोलीत न्यायचा, पण मोजूनमापून. त्यासाठी कॉइल द्रवाने भरून न ठेवता इलेक्ट्रॉनिक एक्स्पान्शन व्हॉल्व्ह या स्वयंचलित झडपेने लागेल तेवढाच द्रव सोडतात. कागदावर हे सोपे दिसते. अडचण अमोनियाच्या गुणातच आहे: तो इतकी उष्णता शोषतो की काम भागवायला द्रव अगदी थोडा लागतो, आणि तो थोडा द्रव कॉइलच्या सगळ्या नळ्यांत सारखा वाटणे अवघड जाते. काही नळ्या कोरड्या राहतात, काहींच्या तळाशी द्रव साचतो. त्यात यंत्रात पाण्याचा अंश शिरला असेल, आणि जुन्या यंत्रांत तो असतोच, तर अमोनियाचा उकळणबिंदू सरकतो आणि व्हॉल्व्हचे गणित चुकते. कॉम्प्रेसरच्या वंगणाचे नेहमीचे खनिज तेल अमोनियात विरघळत नाही. ते बारीक नळ्यांत जाऊन बसते. बारीक नळ्यांच्या ॲल्युमिनियम कॉइल, विरघळणारी कृत्रिम तेले आणि कॉइलमधून बाहेर पडणारी वाफ कितपत कोरडी आहे हे मोजणारे संवेदक आल्यामुळे गेल्या काही वर्षांत ही पद्धत विश्वासार्ह झाली आहे. तरी जिथे कुशल माणूस हाताशी नाही तिथे मी ती सुचवणार नाही.

परदेशातील दोन अपघात इथे सांगितले पाहिजेत, कारण दोन्हींतून मिळणारे धडे एकमेकांना छेद देतात. २०१० साली अमेरिकेच्या अलाबामा राज्यात एका मोठ्या शीतगृहात सात तासांहून अधिक काळ वीज गेली. ती परतल्यावर यंत्र सुरू करताना डीफ्रॉस्टचा, म्हणजे कॉइलवरचा बर्फ गरम वायूने वितळवण्याचा, क्रम अर्धवट राहिला, गरम वायू आणि थंड द्रव एकमेकांवर आदळून पाइपांत दाबाचा जबरदस्त धक्का बसला आणि गच्चीवरचा पाइप फुटला. चौदा टनांहून अधिक अमोनिया बाहेर पडला आणि दीडशेहून अधिक लोकांना त्याची बाधा झाली. वीज जाणे आणि घाईने यंत्र सुरू करणे यांत आपल्याकडच्या कोणाही ऑपरेटरला नवल वाटणार नाही. यंत्रात इतका साठा होता, म्हणून इतका सुटला. दुसरा अपघात कॅनडातील फर्नी या गावच्या बर्फाच्या क्रीडांगणातला. तिथे अमोनिया यंत्रघरातच होता आणि मैदानाखालून फक्त क्षाराचे पाणी फिरत होते, म्हणजे मी वर ज्या पद्धतीची भलामण केली तीच पद्धत. अमोनियाने क्षारपाणी थंड करणाऱ्या चिलरच्या नळीला बारीक छिद्र पडले होते, अमोनिया क्षारपाण्यात मिसळू लागला होता, आणि तरीही ते जुने यंत्र चालू ठेवले गेले. ऑक्टोबर २०१७ मध्ये क्षारपाण्याची जोडवाहिनी सुटून यंत्रघरात अमोनिया पसरला आणि तिथे गेलेले तिघे जण मरण पावले. प्रेक्षकांपैकी कोणी दगावले नाही, हे त्या पद्धतीचे यश. यंत्रघरातली माणसे गेली, हे देखभालीचे अपयश. लो-चार्ज यंत्र घेतले म्हणून गळतीसूचक, बाहेर हवा फेकणारे पंखे, बाहेरून चालणारे आपत्कालीन बटण आणि श्वसनयंत्र या खर्चातून सुटका होत नाही.

आपल्या भागापुरती एक व्यावहारिक अडचण मुद्दाम मांडतो, कारण कंपन्यांच्या रंगीत पत्रकांत तिचा उल्लेख नसतो. साठा कमी करण्यात सर्वांत मोठा वाटा प्लेट हीट एक्स्चेंजरचा असतो. त्याच्या पत्र्यांमधले अंतर काही मिलिमीटर एवढेच. तासगाव, कवठेमहांकाळ, जत या भागांत बोअरचे पाणी जड आहे. ते तसेच कंडेन्सरला दिले तर क्षार धरून हंगामाच्या मध्यावर दाब चढू लागतो, आणि मग दोष ‘नव्या यंत्राला’ दिला जातो. जुना ॲटमॉस्फेरिक कंडेन्सर कितीही अवाढव्य असला, तरी त्याच्या पाइपांवरचा थर खरवडून काढता येत असे. म्हणून पाणी मृदू करण्याच्या संयंत्राचा खर्च प्रकल्प अहवालात पहिल्या दिवसापासून धरला पाहिजे. हवेने थंड होणारे कंडेन्सर घेतले तर पाण्याचा प्रश्न मिटतो, पण एप्रिल-मेच्या उन्हात, नेमका नवा बेदाणा खोल्यांत भरत असताना, विजेचे बिल डोळे पांढरे करते. त्यावर सरसकट उत्तर नाही. गावागणिक पाणी आणि वीज पाहूनच ठरवावे लागेल.

कायद्याचा भाग थोडक्यात. अमेरिकेत दहा हजार पौंड, म्हणजे सुमारे साडेचार टन, अमोनिया असलेल्या आस्थापनेला प्रक्रिया-सुरक्षेचे कडक नियम लागू होतात. त्या मर्यादेखाली राहण्यासाठी तेथील उद्योग स्वखुशीने साठा कमी करतात. लो-चार्ज तंत्राच्या प्रसारामागे पर्यावरणप्रेमापेक्षा या हिशेबाचा हात मोठा आहे, असे मला वाटते. आपल्याकडे घातक रसायनांबाबतचे १९८९ चे नियम आहेत, पण त्यांतील अमोनियाची मर्यादा फार मोठ्या साठ्याची, खतांचे कारखाने डोळ्यांपुढे ठेवून आखलेली. टन-दोन टनांचे शीतगृह तिच्या आसपासही येत नाही. परिणामी मालकाने साठा निम्म्यावर आणला तरी नियमांच्या दृष्टीने त्याला काडीचाही फायदा नाही, आणि दुप्पट केला तरी कोणी विचारणार नाही. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने वस्तीलगतच्या शीतगृहांसाठी आणि बर्फ कारखान्यांसाठी यापेक्षा कितीतरी खालची मर्यादा ठरवावी, आणि त्याआधी प्रत्येक परवान्यावर यंत्रणेतील अमोनियाचे वजन लिहिणे सक्तीचे करावे. हे वजन आज कित्येक मालकांनाच ठाऊक नसते. ‘दरवर्षी इतके सिलिंडर टाकतो’ एवढेच ते सांगू शकतात, आणि दरवर्षी टाकावे लागणारे ते सिलिंडर म्हणजे वर्षभरात गळलेला अमोनिया, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

नियमांपेक्षा पैशाने काम लवकर होते. फलोत्पादन अभियानाखाली शीतगृहाला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळते. राष्ट्रीय बागवानी मंडळाची शीतगृहांसाठीची तांत्रिक मानके २०१० पासून आहेत. खोल्यांचे इन्सुलेशन, दारे, तापमान यांबद्दल त्यांत पुष्कळ काही आहे, आणि त्यांचा उपयोगही झाला. केंद्राचा २०१९ चा शीतकरण कृती आराखडा शीतकांची मागणी २५ ते ३० टक्क्यांनी कमी करण्याची भाषा करतो. मग अनुदानाच्या अर्जात ‘दर टनामागे अमोनिया किती किलो’ हा एक रकाना घालायला आणि साडेचार किलोंखाली येणाऱ्या प्रकल्पाला काही टक्के वाढीव अनुदान द्यायला काय हरकत आहे? सामान आयात करावे लागेल, अशी सबब चालणार नाही. अमोनियाचे कॉम्प्रेसर किर्लोस्कर न्यूमॅटिक पुण्यात किती वर्षे बनवते आहे. प्लेट एक्स्चेंजर बनवणारी अल्फा लावलही पुणे परिसरात आहे. आणि या क्षेत्रातील जाणकारांची अमोनिया शीतकरण संघटनाही पुण्याचीच. शासनाने समिती नेमायची ठरवली तर सदस्य शोधायला पुण्याबाहेर जावे लागणार नाही.

माणसांचा प्रश्न मात्र मला सर्वांत कठीण वाटतो. आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा अभ्यासक्रम करून येणारा मुलगा स्प्लिट एसीचा गॅस भरण्यात तरबेज असतो, पण अमोनियाच्या यंत्रात साचलेले वंगणाचे तेल कसे काढायचे हे त्याला कोणी दाखवलेले नसते. ते तो जुन्या ऑपरेटरकडून शिकतो, आणि जुना ऑपरेटर तोंडाला ओला गमछा बांधून, व्हॉल्व्ह उघडा ठेवून, बादली भरेपर्यंत विडी ओढायला जाणारा असेल, तर पोरगाही तेच शिकतो. अमोनिया यंत्रांवरील अपघातांत तेल काढताना झालेल्या गळतींचा वाटा मोठा आहे. हात सोडताच आपोआप बंद होणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह तिथे बसवला तर त्यांतील बरेच टळतील, आणि त्याची किंमत एका सिलिंडरच्या खर्चाच्या आसपासची आहे. सांडलेल्या द्रव अमोनियाच्या थारोळ्यावर पाणी मारू नये, त्याने तो अधिकच उसळतो, आणि पाण्याचा फवारा वाऱ्यावर निघालेल्या वाफेवर धरावा, हे अग्निशमन दलाच्या तालुका पातळीवरच्या जवानांनाही शिकवायला हवे.

शेवटी जुन्या शीतगृहांबद्दल. त्यांची संख्या मोठी आहे आणि ती सगळी मोडून नवी उभारा, असा सल्ला कोणी देऊ नये. त्यांचा साठा टप्प्याटप्प्याने उतरवता येतो. गरजेपेक्षा मोठा रिसिव्हर बदलून लहान बसवणे, ॲटमॉस्फेरिक कंडेन्सर काढून इव्हॅपोरेटिव्ह (फवारा आणि पंख्याने थंड होणारा) लावणे, पंपाने फिरणाऱ्या द्रवाचे प्रमाण मोजून कमी करणे, बंद पडलेल्या खोल्यांच्या कॉइल रिकाम्या करून वाहिन्या कायमच्या कापणे, ही कामे स्थानिक फिटर आणि परवानाधारक वेल्डर करू शकतात. यातले शेवटचे तर जवळपास फुकटात होते आणि तरी होत नाही. आमच्या भागात दिवाळीनंतर खोल्या रिकाम्या होऊ लागतात आणि नवा बेदाणा फेब्रुवारी-मार्चपासून येतो. यंत्र थांबवून पाइप कापता येतील असे दिवस वर्षात तेवढेच. तेव्हा जिल्हा प्रशासनाला, फलोत्पादन विभागाला आणि शीतगृहचालकांच्या संघटनेला या वर्षी काही करायचे असेल, तर साठ्याची मोजणी पावसाळ्यात आणि अनुदानाचे निर्णय दसऱ्याच्या आत व्हायला हवेत.

आपला,
एक निवृत्त शीतकरण अभियंता, मिरज